कानबाईच्या पेटीतली पाकिटं

निंबोला, ११ मे २०२५

कोकिळा मावशी,

आधी 'तुम्ही' म्हणून सुरुवात केली होती. तो कागद फाडला. अकरा वर्षं बोलणं नाही म्हणून मावशी काही पाहुणी होत नाही. बुऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यातल्या तुझ्या खोलीत तू माझ्या वेण्या घालायचीस आणि खाली कापडाचे लूम एवढे खडखडायचे की केस ओढले गेले तरी माझं ओरडणं कुणाला ऐकू जायचं नाही. तीच मी, भूमिका. तुझ्या बहिणीची, वंदनाची मुलगी.

फोन चार वेळा केला. नंबर तुझ्या मोहितदादाच्या लग्नपत्रिकेवरचा आहे आणि बरोबर आहे, कारण 'हॅलो' तुझंच होतं. "निंबोल्याहून बोलते" म्हटलं की कट. चौथ्यांदा मी निंबोल्याचं नावच काढलं नाही, नुसतं "मावशी" म्हटलं, तरी कट. म्हणून आता स्पीड पोस्ट. कागद कट करता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच, या भरवशावर लिहिते आहे.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तू सुरतला गेलीस त्या दिवाळीत तुझं पोटाचं ऑपरेशन झालं. काढलेला भाग तपासायला पाठवतात आणि त्याचा एक रिपोर्ट येतो. तो हवा आहे. झेरॉक्स चालेल, मोबाईलवर फोटो चालेल.

कारण असं की आईच्या डाव्या अंडाशयावर गाठ निघाली आहे. पाच सेंटिमीटरची. रक्ताची एक तपासणी असते, तीही वाढलेली आली. स्टेशनकडच्या दवाखान्यातले सर्जन म्हणाले, पाळी बंद होऊन दोन वर्षं झालेल्या बाईला अशी गाठ असणं बरं नाही. गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, सगळंच काढू. १८ जून तारीख दिली आहे. कॅन्सर हा शब्द ते बाहेर जाऊन फक्त पप्पांशी बोलले, तोही आवाज खाली करून, जणू कॅन्सरला ऐकू जाईल. मग आत येऊन विचारलं, "घर में किसी को ऐसा हुआ था?" आई म्हणाली, बहिणीची गाठ काढली होती. कसली? माहीत नाही. म्हणजे सख्ख्या बहिणीच्या पोटातून काय काढलं ते हिला माहीत नाही!

इथपर्यंत पोचायलाही तीन वर्षं लागली. "पोट दुखतं" म्हटलं की गॅसची गोळी. कंबर दुखते म्हटलं तर मूतखडा, मग खडा नाही म्हणून आतड्याला सूज. एका डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि पप्पांकडे बघत आईला विचारलं, "घर में सब ठीक है ना?" पप्पा तेव्हापासून आत येतच नाहीत. बाहेर मोटरसायकलवर बसून राहतात.

मी बी.एस्सी. झाले, मावशी. घरातली पहिली. गावातल्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. मला वाटायचं, घरात एक शिकलेलं माणूस झालं की निदान डॉक्टरपुढे आपण गप्प बसणार नाही. बोलते खूप. उपयोग काय होतोय ते तू बघतेच आहेस.

तू आईवर रागावली आहेस, तो राग ठेव. मी काढायला सांगत नाही. फक्त कागद पाठव.

तुझी भूमिका


निंबोला, ३० मे २०२५

मावशी,

पत्र पोचलं. पोस्टाच्या साईटवर दिसतं. १६ तारखेला सकाळी अकराला सुरतला, तुमच्या उधन्यात कुणीतरी सही करून घेतलं. आज ३० आहे.

मी चिडून लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे, आणि पहिल्या चार ओळींतच ते जमत नाहीये. माझी तक्रार एकट्या तुझ्यावर नाही. इथे ज्याला विचारावं तो काहीतरी गिळून बसलेला असतो.

आईलाच घे. गाठ आहे म्हटल्यावर बाईने घाबरावं की नाही? ही ऑपरेशनला तयार आहे, जेवते, झोपते, केळीच्या बागेत जाते. पण डॉक्टरांनी "पाळी कधी बंद झाली, नक्की सांगा" असं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा हिचा चेहरा उतरला. आणि उत्तर दिलं कुणी? अलका काकूने. "दो साल हो गए साहब, आमच्या सासूबाई वारल्या त्याच वर्षी."

अलका काकू तुला आठवत असेल, माझ्या धाकट्या काकांची बायको. तेव्हा नवी नवरी होती. आता प्रत्येक वेळी सोबत येते. आईची काळजी आहे तिला, खोटं नाही, पण डॉक्टरांच्या खोलीत ती आईच्याही पुढे खुर्ची ओढून बसते आणि घरी आल्यावर भाऊबंदकीतल्या सगळ्या बायकांना कळतं की वंदनाभाभीला संडासला कसं होतं. मी एकदा म्हटलं, "काकू, तू बाहेर बस ना जरा." तर म्हणाली, "का? मी काय शिकलेली नाही म्हणून?" झालं. मी बाहेर बसले.

बाकी त्या फॉर्मवर 'मासिक बंद: दोन वर्षे' असं मीच लिहिलंय. सुंदर अक्षरात. सगळ्या दवाखान्यांची एक फाईल केली आहे मी, तारखेप्रमाणे लावून, वर अनुक्रमणिका. सर्जन म्हणाले, अशी फाईल कुणी आणत नाही. मला काय अभिमान वाटला!

जानेवारीपासून मी एका वहीत आईचं दुखणं लिहून ठेवते. ज्या दिवशी दुखलं त्या दिवसापुढे फुली, जास्त दुखलं तर दोन. सरळ दिसतं की दर महिन्याला पाच-सहा दिवस फुल्यांची रांग लागते. कंबर, डावी कूस, संडासला बसलं की जीव जातो, मग आपोआप उतरतं. बंद झालेल्या पाळीला महिना कसा कळतो? हे मी सर्जनांना विचारलं. ते म्हणाले, "बेटा, गूगल कम करो."

दुसरी गोष्ट. २४ एप्रिल ते १२ मे एकही फुली नाही. त्या दिवसांत मयूरचं लग्न होतं, आमच्या चुलतभावाचं. आई पहाटेपासून राबत होती आणि ठणठणीत. मी विचारलं, असं कसं? तर म्हणाली, "देवकार्यात नाही दुखत मला. श्रावणात कानबाई बसते तेव्हा कुठे दुखतं? तिची कृपा आहे."

माझ्या विज्ञानाच्या वहीत आता देवीची कृपा कुठल्या रकान्यात लिहू, सांग.

१८ जूनला एकोणीस दिवस उरलेत. रिपोर्ट पाठव.

भूमिका


निंबोला, १६ जून २०२५

मावशी,

तुझं उत्तर नाही. तरी हे लिहिते आहे, कारण दुसऱ्या कुणाला लिहिणार?

परवाचं ऑपरेशन पुढे ढकललं आहे. का, ते ऐक.

आजी गेल्यापासून कानबाईची पेटी आमच्या घरी असते. कानबाई म्हणून पुजतो त्या नारळाला घालायचे दागिने, नथ, चोळीचं कापड, पूजेचा गडवा, सगळं त्या लाकडी पेटीत. आमच्या भाऊबंदकीची रीत तुला माहीत आहे: पेटी आणि नैवेद्याच्या रोटाची कणिक त्याच घरातल्या, महिना कायमचा थांबलेल्या बाईच्याच हाती. आजी वारली तेव्हा सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि आई म्हणाली, "माझी बंद झाली आहे." मी तेव्हा कॉलेजात होते. मला उलट बरं वाटलं होतं की चला, सुटली.

बुधवारी पेटीखाली वाळवी दिसली. आई शेतात होती. मी पेटी ओढून सामान काढायला घेतलं. तळाशी चोळीच्या कापडात गुंडाळलेली गोळ्यांची पाकिटं. रिकामी. मोजली नाहीत, पण ओंजळ भरली. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. नाव मला माहीत आहे, कॉलेजात मुली परीक्षेच्या वेळी घ्यायच्या. सगळी गावातल्या धर्मेंद्रच्या मेडिकलच्या कागदी पिशवीत.

आई आली तेव्हा मी पाकिटं मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. तिने आधी रस्त्याकडे बघितलं, कुणी येतंय का, आणि मग मला आत ओढून दार लावलं.

"फेकायची कुठे?" म्हणाली. "उकिरड्यावर टाकली तर अलका उचलून वाचेल. कानबाईच्या पेटीला कुणी हात लावत नाही."

"तुझी पाळी बंद झालेलीच नाहीये?"

"हळू बोल."

"आई, तुझी पाळी चालू आहे?"

"येते, जाते. कधी आठवडा आधी येते, कधी आठवडा उशिरा. वय झालं ना. होईलच आता बंद, म्हणून आधीच सांगून ठेवलं."

आधीच सांगून ठेवलं! जशी एखादी बस सुटायच्या आधी पिशवी टाकून जागा धरावी.

मग सगळं निघालं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून कानबाई, नवरात्र, कुणाचं लग्न, कुणाची पूजा, दर वेळी गोळी. धर्मेंद्रच्या दुकानात आधी त्याचे वडील द्यायचे, आता तो देतो. "भाभी, तुमचं ते" म्हणून कागदात गुंडाळून ठेवतो, चिठ्ठी मागत नाही. गेली दोन वर्षं तर जेव्हा जमेल तेव्हा. ज्या महिन्यात जमलं नाही त्या महिन्यात कपाशीत जाऊन बसायची, म्हणे तण काढते.

"आणि डॉक्टरला का नाही सांगितलं?"

"अलका बसली होती ना समोर."

मावशी, मी रडले नाही. मी ओरडले. मी शाळेत आठवीच्या मुलींना मासिक पाळीवर तास घेते, फळ्यावर आकृती काढून. 'यात लपवण्यासारखं काही नाही' असं मी दर वर्षी म्हणते. आणि माझ्याच घरात, माझ्याच अक्षरात, डॉक्टरांच्या फॉर्मवर खोटं लिहिलेलं, त्यावर कॅन्सरची शंका, त्यावर ऑपरेशनची तारीख!

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टर रश्मींकडे नेलं. त्या इंदूरहून आठवड्यातून दोन दिवस बुऱ्हाणपूरला येतात, बायकांच्या डॉक्टर. अलका काकूला सांगितलं की डोळ्यांचा चष्मा करायला जातोय. (खोटं बोलणं या घरात किती सोपं आहे बघ, मलाही लगेच जमलं.) मॅडमनी फाईल बघितली आणि म्हणाल्या, "हे 'दोन वर्षे बंद' कुणी लिहिलं?" मी हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा. मग आईने तोंड उघडलं. एकदा उघडल्यावर ती वीस मिनिटं बोलत होती. श्रावणात दुखत नाही, देवीची कृपा, हेही तिने सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, त्या दिवसांत तुम्ही गोळी घेत होता. गोळीने दुखणं थांबत होतं."

आईने हळूच विचारलं, "म्हणजे कानबाई नाही?"

"कानबाईमुळेच गोळी घेतली ना? मग तिचाही हात आहे म्हणा. पण आता चिठ्ठीशिवाय एकही घ्यायची नाही."

दुखण्याचं नाव एंडोमेट्रिओसिस असावं, असं त्या म्हणाल्या. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं तसंच काहीसं बाहेर वाढतं, अंडाशयावर, आतड्यावर. पाळीच्या वेळी तेही सुजतं, रक्त धरतं, आणि आजूबाजूचं एकमेकाला चिकटतं. ती गाठ म्हणजे बहुधा साठलेलं जुनं रक्त. रक्ताची ती तपासणी यातही वाढते. पण 'बहुधा'वर त्या थांबल्या नाहीत. जळगावला एमआरआय सांगितला आणि सर्जनांना स्वतः फोन केला.

मग विचारलं, "बहिणीला काय होतं?" कारण हे बहिणी-बहिणींत सापडतं. तुझं नक्की काय काढलं आणि मग तुझं दुखणं थांबलं की नाही, हे कळलं तर आईचं काय करायचं ते ठरवायला मदत होईल.

म्हणून मावशी, कागद अजूनही हवा आहे. आधीपेक्षा जास्त.

आणखी एक. परत येताना बसमध्ये मी आईला विचारलं की त्या कानबाईला, मी बारा वर्षांची होते तेव्हा, नक्की काय झालं होतं. मला एवढं आठवतं की तू सकाळी आलीस, दुपारी मागे गोठ्याजवळ पोत्यावर पोट धरून बसली होतीस, मी पाण्याचा तांब्या आणला आणि संध्याकाळी तू कुणाला न सांगता रस्त्यावर जाऊन बस पकडलीस. आईने खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "निंबोला आलं का?" अजून अर्धा तास होता.

भूमिका


निंबोला, २ जुलै २०२५

मावशी,

एमआरआय झाला. पप्पा सोबत आले होते, आतपर्यंत. गाठीत जुनं रक्तच आहे. आतडं मागच्या बाजूला चिकटलेलं आहे. कॅन्सरसारखं काही दिसत नाही. पप्पांनी डॉक्टर रश्मींना विचारलं, "हे किती दिवसांचं आहे?" त्या म्हणाल्या, पंचवीस-तीस वर्षांचं असेल. बाहेर आल्यावर पप्पा म्हणाले, "मी तिला आळशी म्हणायचो." तेवढंच.

मी तुला आणखी विनवणी करणार नाही. तीन पत्रं झाली. आईला म्हटलं, मी थकले, आता तू लिही. ती म्हणाली, मला कुठे येतं? मी म्हटलं, पाचवीपर्यंत शिकलीस, तेवढं पुरे. काल दुपारी दार लावून बसली. खालचं पान तिचं आहे. मला वाचू नको म्हणाली. मी वाचलं, कारण या घरात न वाचलेल्या कागदांनी आधीच पुष्कळ घोळ घातलाय.

भूमिका

*जिजी,*

*भूमी म्हणते लिही तर लिहिते. अक्षर हसू नको.*

*त्या दिवशी तुला सकाळी आली. तू मला कानात सांगितलं. पोट धरून वाकली होती. मी सगळ्या बायकांसमोर म्हटलं हिचं लहानपणापासून असंच आहे नाटकी. मागे बसवलं. पाणी पण द्यायला मी आली नाही.*

*मला माहीत होतं नाटक नाही. मला पण तसंच दुखतं. लग्न झालं तेव्हापासून. त्या दिवशी मी गोळी खाल्लेली होती म्हणून मी उभी होती. पाकिटात अजून सहा गोळ्या होत्या. माझ्या कमरेला पिशवीत होत्या. तुला दिली असती तर कुणी बघितलं असतं आणि माझं पण समजलं असतं. म्हणून नाही दिली.*

*बस एवढंच. कागद नाही पाठवला तरी चालेल. भूमी चिडेल तिला मी बघते. पण तू दाखव डॉक्टरला. अजून दुखत असेल तर.*

*वंदू*


निंबोला, १९ जुलै २०२५

मावशी,

पाकीट मिळालं.

आत चिठ्ठी नाही, 'चि. भूमिका' नाही, काही नाही. साडीच्या दुकानाची घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात तीन कागद, तेही मूळ, झेरॉक्स नाही. मी ओट्यावरच उभी राहून वाचायला लागले. दुसऱ्या पानावर खालून चौथ्या ओळीत तेच नाव. एंडोमेट्रिओसिस. कॅन्सर नाही.

मावशी, तुला हे नाव कुणी सांगितलं होतं? बहुतेक नाही. इंग्रजीत होतं, तुझ्या हातात दिलं आणि "टांके सूख गए, अब ठीक हो" म्हणून घरी पाठवलं असेल. अकरा वर्षं हे उत्तर तुझ्या कपाटात साडीच्या पिशवीत पडून होतं आणि इथे आम्ही गॅसच्या गोळ्या खात होतो. कुणावर चिडू, तेवढं सांग. मला एकही माणूस पूर्ण दोषी सापडत नाही.

मग तिसरा कागद उलटला. मागे तुझं अक्षर होतं.

'गर्भाशय काढलं. दुखणं तिथंच. डाव्या कुशीत, आणि सकाळी संडासला बसताना. डॉक्टर म्हणाले काढलंय तर दुखेल कसं. मग सांगणं सोडलं. आता बावन्न वय झालं तरी आहे.'

आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला आणि तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही.

डॉक्टर रश्मींनी तुझा कागद दोनदा वाचला. म्हणाल्या, "हा अकरा वर्षं कुठे होता?" मी म्हटलं, उधन्याला. तुझ्या त्या चार ओळींनी ठरलं, मावशी. नुसतं गर्भाशय काढून भागणार नाही, चिकटलेलं तसंच राहिलं तर दुखणं राहतं, जसं तुझं राहिलं असावं. आई म्हणत होती, "दोन-चार वर्षांत बंद होईलच, मग सगळं थांबेल, तोवर काढते कळ." मॅडम म्हणाल्या, "बंद झाल्यावर बऱ्याच जणींचं कमी होतं, सगळ्यांचं नाही. बहिणीचं बघा. आणि तोवर कळ का काढायची?" आता रोज एक गोळी, चिठ्ठीवरची, घरात सगळ्यांसमोर घ्यायची. तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. गाठ वाढली किंवा दुखणं हटलं नाही तर इंदूरला दुर्बिणीचं ऑपरेशन, जिथे आतड्याचेही डॉक्टर सोबत असतील.

आणि मी मॅडमना तुझ्याबद्दल विचारलं. "गर्भाशय काढलंय म्हणून दुखणार नाही असं ज्यांनी सांगितलं, त्यांना सोडा. मावशींना पुन्हा डॉक्टरला दाखवायला सांगा." तर मी सांगते आहे. तुझं दुखणं तुझ्या मनात नाहीये. सुरतमध्ये मोठे दवाखाने आहेत. नाहीतर इथे ये. कागद जपून ठेवले आहेत, माझ्या फाईलीत, अनुक्रमणिकेत तुझं नाव आईच्या खाली.

आईचं पान वाचलंस का, हे तू लिहिलेलं नाहीस. आई रोज विचारते, "मागे आणखी काही लिहिलंय का बघ." मी रोज बघते.

भूमिका


निंबोला, ५ ऑगस्ट २०२५

मावशी,

तुला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं सांगते, कारण आईने तुला सांगितलं नसणार.

या नव्या गोळीचं एक आहे. सुरुवातीच्या महिन्यांत मधूनच थोडं थोडं लाल दिसतं. मॅडमनी सांगितलं होतं, घाबरू नका. घाबरलो नाही. पण ते दिसायला मुहूर्त कुठला मिळाला? रविवारी सकाळी कानबाई बसायच्या दिवशी. गहू दळून आलेले, भाजीचं गंगाफळ चिरलेलं, भाऊबंदकी ओसरीवर जमलेली, आणि आई न्हाणीतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता.

मी तिच्या कानात म्हटलं, "हे औषधाचं आहे. पाळी नाही. तू बस खुशाल." म्हणजे बघ, मी, भूमिका, बी.एस्सी., तिला गप्प राहायला शिकवत होते.

आई ओसरीवर गेली. पेटीची किल्ली कमरेची काढली आणि अलका काकूच्या हातात दिली.

"माझी बंद झालेली नाही," म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी पण झाली नव्हती. खोटं बोलले मी. पोटात आजार आहे, त्याचं औषध चालू आहे, आज मला दिसलंय."

मग एक आजी म्हणाली, "अगं, मग दोन वर्षं रोट कुणाच्या हातचे खाल्ले आपण?" दुसरी म्हणाली, "चांगले होते की." अलका काकू किल्लीकडे बघत राहिली. मला वाटलं आता ही काय काय बोलेल. तर म्हणते, "भाभी, मी समोर बसायची म्हणून तुम्ही डॉक्टरला नाही सांगितलं का?" काकू उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "बंद माझीही नाही, पण मी आज ठीक आहे. कणिक मी घेते. पण मला पाणी किती घालायचं ते सांगा."

आई मागे जाऊन गोठ्याजवळ बसली.

मी तिच्या मागे गेले. मी भांडले, मावशी, खूप भांडले. "खरं सांगितलंस ना? मग बाहेर का बसतेस? मी शिकले कशाला, तुला पोत्यावर बसलेलं बघायला?" ती म्हणाली, "भूमे, आज एक केलं ना. एका दिवसात किती सुधारू मी?" आणि तिथूनच ओरडली, "अलके, पाणी जास्त झालं गं, आवाजावरून कळतंय!"

मग मला म्हणाली, "तुझा मोबाईल दे."

ती त्याच जागी बसली होती. तुला जिथे बसवलं होतं तिथे, आता फक्त पोत्याऐवजी खताची रिकामी गोणी आहे. मी नंबर लावून दिला आणि स्पीकर चालू ठेवला, कारण तिला बटण सापडत नाही आणि मला ऐकायचं होतं. तीन वेळा रिंग गेली. तुझं "हॅलो" आलं. मी डोळे मिटून वाट बघत होते की आता कट.

आई म्हणाली, "जिजी, मी वंदू. निंबोल्याहून."

कट झालं नाही. तिकडे तुझ्या घरात कुणीतरी कुकर लावला होता, शिटी वाजली. ती संपेपर्यंत तू थांबलीस. आणि मग म्हणालीस,

"गोळी घेतली का आजची?"

आईने मान हलवली. फोनवर मान हलवून काय होतं? मी तिला कोपराने ढोसलं. शेवटी मीच ओरडून सांगितलं, "घेतली, मावशी! सगळ्यांसमोर घेतली!" मग आईने माझ्या हातातून मोबाईल घेतला, छातीशी धरला आणि मला हाताने जा म्हणाली.

मी गेले. चाळीस मिनिटं तुम्ही बोललात. नंतर विचारलं तर म्हणाली, "काही नाही, मोहितच्या बायकोला कडधान्यं आवडत नाहीत म्हणे." अकरा वर्षांनी चाळीस मिनिटं मिळाली आणि तुम्ही दोघी कडधान्यांवर बोललात! तुझं कुठे दुखतं, किती दुखतं, कधीपासून, एक शब्द नाही. म्हणून हे पत्र. डॉक्टर रश्मी २१ ऑगस्टला बुऱ्हाणपूरला आहेत. मी तुझं नाव लावून ठेवलं आहे, सकाळी दहाचं. स्टेशनवर पप्पा येतील, त्यांनी स्वतःहून सांगितलंय. अलका काकूला मी विचारलं, येणार का? ती म्हणाली, "येते. पण बाहेर बसते."

वही घेऊन ये. नाहीतर राहू दे, मी नवी आणली आहे. पहिल्या पानावर तुझं नाव लिहिलं आहे. फुल्या तू घाल.

तुझी भूमिका